कच्च्या पट्टीवरचं किट विमान: आधी वजनाचा हिशेब, मग मॉडेलचं नाव

प्रश्न असा आहे: घरी बांधायचं हलकं, दोन आसनी किट विमान घ्यायचंय. दोघं जण, तंबू आणि दोन दिवसांचं सामान घेऊन डोंगरातल्या गवताच्या धावपट्ट्यांवर आणि नदीकाठच्या खडीवर उतरायचंय. त्यातल्या काही पट्ट्या समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवर आहेत. किट कोणतं, इंजिन कोणतं, आणि त्यावर काय काय चढवायचं?

मॉडेलची नावं पुढे येतीलच, पण आधी कागद-पेन्सिल घ्या. समजा, विमानाची कमाल वजनमर्यादा ६०० किलो आहे आणि माहितीपत्रकात रिकामं वजन ३३५ किलो छापलंय. हा आकडा सर्वांत हलक्या नमुन्याचा असतो: छोटे टायर, रंगाचा एक पातळ हात, एक रेडिओ, कॉकपिटमध्ये मोजणी दाखवणारे चारच मीटर. तुमचं विमान बांधून झाल्यावर काट्यावर ३७५ भरलं तर नवल मानू नका. राहिले २२५. दोन माणसं कपड्या-बुटांसकट १६५, म्हणजे उरले ६०. ताशी २० लिटरच्या हिशेबाने तीन तासांचं पेट्रोल ६० लिटर, त्याचे साधारण ४३ किलो. हातात उरले १७. एवढ्यात तंबू, झोपायच्या पिशव्या, पाणी, हत्यारं, विमान जमिनीला बांधायचे खुंटे आणि दोर बसवायचे आहेत. बसत नाहीत. मग एक तर पेट्रोल कमी भरायचं, नाही तर सामान, आणि बरेच लोक तिसरा मार्ग धरतात: काट्याकडे बघतच नाहीत.

वजन १० टक्क्यांनी वाढलं की स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो) सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वजनाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. उतरल्यावरची धाव साधारण १० टक्क्यांनी लांबते. उड्डाणाची धाव मात्र २० टक्क्यांहून जास्त लांबते, कारण गाठायचा वेगही वाढलेला असतो आणि तो गाठायला लागणारा वेळही. म्हणून आत उतरता आलं तरी बाहेर निघता येतंच असं नाही. पट्टीची लांबी ठरवताना आकडा नेहमी निघण्याचा धरा.

आता उंचीचा हिशेब. सहा हजार फुटांवर प्रमाणित तापमान ३ अंश सेल्सियस. दुपारी तिथे ३० अंश असतील तर फरक २७ अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले तर ३,२४० फूट. म्हणजे विमानाच्या दृष्टीने तुम्ही ९,२४० फुटांवर उभे आहात. टर्बो नसलेलं १०० अश्वशक्तीचं इंजिन तिथे ७२-७३ अश्वशक्तीच देतं. हवा विरळ असल्यामुळे मीटरवर तोच वेग दिसत असताना जमिनीवरचा खरा वेग १५ टक्के जास्त असतो, म्हणजे गतिज ऊर्जा सुमारे ३२ टक्के जास्त. पाऊण इंजिनाने सव्वापटीहून जास्त काम करायचं. समुद्रसपाटीवर शंभर मीटरच्या आत उठणारं विमान इथे त्याच्या दुपटीतही उठेल याची खात्री नाही. सकाळी सहाला निघणं हे कुठल्याही यंत्रभागापेक्षा स्वस्त पडतं, हे जाता जाता.

आता मॉडेलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड, ही जुनी पद्धत या कामाला अजूनही सर्वांत सोयीची. ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची) नळी वाकते, चिरते, पण वेल्डिंग करून सरळ होते. कापड फाटलं तर पट्टी चिकटवून घरापर्यंत येता येतं. किटफॉक्स या घराण्यातलं: शेजारी शेजारी आसनं, घडी होणारे पंख, मागच्या कडेला फ्लॅपरॉन (फ्लॅप आणि एलरॉन दोघांचं काम करणारी हलती पट्टी). हल्लीच्या सिरीज ७ ची रचना १,५५० पाउंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ७०३ किलोंपर्यंत चालते. वरच्या हिशेबातल्या १७ किलोंचे १२० होतात, आणि फक्त यासाठीसुद्धा ते विचारात घ्यावं. पंख घडी होतात म्हणून ट्रेलरवर नेता येतं. पण प्रत्येक वेळी पंख उघडल्यावर पिना आणि फ्लॅपरॉनच्या जोडण्या हाताने ओढून बघायची शिस्त हवी. रॅन्स एस-७ मध्ये आसनं एकामागे एक. चालक मधोमध बसतो, दोन्ही बाजूंची जमीन सारखी दिसते, अरुंद पट्टीवर याचा फार उपयोग होतो. बेअरहॉक पॅट्रोल आणि कार्बन कब मोठ्या इंजिनांची आणि मोठ्या खर्चाची. बेअरहॉकचा पंख पूर्ण धातूचा असतो, धड कापडाचं.

झेनिथचं सीएच ७०१ आणि त्याचं मोठं भावंड सीएच ७५० ही पूर्ण ॲल्युमिनियमची. रचना क्रिस हाइन्त्झ यांची. सगळी जोडणी पॉप रिव्हेटची, त्यामुळे पहिल्यांदा बांधणाऱ्याला वेल्डिंग किंवा कापडकाम शिकावं लागत नाही. पंखाच्या पुढच्या कडेला कायमचा बसवलेला स्लॅट (फट ठेवून लावलेली अरुंद पट्टी) असतो. तो हळू उडताना सोनं आणि वेगाने जाताना लोढणं. तुमची पट्टी घरापासून चारशे किलोमीटर असेल तर हे विमान तुम्हाला कंटाळा आणील. पन्नासवर असेल तर यासारखं नाही. शिवाय त्याला पुढचं चाक आहे. राखलेल्या गवतावर ते चालतं, आडव्या वाऱ्यात सोपंही पडतं. खड्ड्यात किंवा नदीच्या गोट्यांत मात्र पुढचं चाक हाच विमानातला सर्वांत नाजूक भाग, आणि ते मोडलं की पाठोपाठ प्रोपेलर जमिनीला लागतो. तुमच्या प्रश्नात नदीकाठची खडी आहे, म्हणून शेपटीला चाक असलेलं विमान घ्या आणि ते चालवायचं प्रशिक्षण किट संपायच्या आधीच पूर्ण करा.

स्टॉलच्या वेगाचे जाहिरातीतले आकडे जपून वाचा. नाक खूप वर असताना पिटो नळीत (वेग मोजणाऱ्या नळीत) हवा तिरकी शिरते आणि मीटर कमी वेग दाखवतो. ‘२५ नॉटला स्टॉल’ असं म्हटलं की विचारायचं: मीटरवरचे की खरे? स्वतःच्या विमानावर हे तपासायचं तर शांत हवेत एकाच मीटर-वेगाने चारही दिशांना उडून जीपीएसच्या वेगांची सरासरी काढा. उंची आणि तापमानाची दुरुस्ती केली की मीटर किती खोटं बोलतो ते कळतं.

स्लॅट आणि व्होर्टेक्स जनरेटर लावायचा मोह सगळ्यांना होतो. व्होर्टेक्स जनरेटर म्हणजे पंखाच्या वरच्या बाजूला पुढच्या भागात चिकटवायच्या बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या. त्या हवेचा थर पंखाला चिकटवून ठेवतात. वजन नगण्य, वेगाचा तोटा किरकोळ, स्टॉल काही नॉटनी खाली येतो आणि त्या वेगातही एलरॉन (विमान कलतं करणारे पंखाच्या कडेचे हलते भाग) हाताला बरे लागतात. पैसे वसूल. पण एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शेपटीचं विमान तिन्ही चाकांवर उभं असताना पंखाचा कोन साधारण १२ ते १५ अंश असतो. स्लॅट लावलेला पंख ३० अंशांच्या आसपासही हवा सोडत नाही. तेव्हा अगदी कमीत कमी वेगाने उतरायला गेलात तर मुख्य चाकांच्या कितीतरी आधी शेपटीचं चाक जमिनीवर आदळतं, नाक खाली आपटतं, आणि शेपटीच्या स्प्रिंगचे बोल्ट एक दिवस तुटतात. स्लॅटचा पूर्ण फायदा घ्यायचा तर मुख्य गिअर (मुख्य चाकांचे पाय) उंच हवं. जस्ट कंपनीच्या सुपरस्टोल विमानाला ते उंच, लांब धक्का खाणारं गिअर त्याचसाठी दिलेलं आहे. गिअर नेहमीचंच ठेवून स्लॅट लावले तर त्यांचं वजन आणि ओढ रोज, फायदा क्वचित.

टायरवर जरा जास्त बोलायला हवं, कारण पैशाच्या मानाने सर्वाधिक फरक तिथेच पडतो. राखलेल्या गवताला ८.५०-६ मापाचे टायर पुरतात. गोटे मुठीएवढे झाले की २६ इंची मऊ टायर हवेत. २९ आणि ३१ इंची टायर डोक्याएवढ्या दगडांसाठी. हलक्या किटवर ते बहुधा फोटोसाठी असतात. मऊ टायर कमी दाबावर चालवला तरच मऊ, नाही तर तो फक्त मोठा. दाब उत्पादकाने दिलेल्या पट्ट्यातला खालचा धरा आणि उभ्या विमानाच्या टायरची बाजू थोडी फुगलेली दिसायला हवी.

साध्या ट्यूबच्या टायरमध्ये दाब फार कमी केला तर ब्रेक लावताच टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्हची नळी मुळातून कापली जाते. डांबरावर उतरताना हे सर्वांत लवकर होतं. रिमवर आणि टायरवर समोरासमोर रंगाची एकच रेघ मारून ठेवा. रेघा सरकलेल्या दिसल्या तर दाब वाढवा आणि व्हॉल्व्ह तिरका झालाय का बघा. आणि मऊ टायरवर एक चाक जागीच धरून विमान गर्रकन वळवू नका. डांबर त्याचं रबर खवणीसारखं किसतं.

टायर मोठा केला की ब्रेक कमजोर होतो. डिस्क आणि कॅलिपर तेच, म्हणजे पिळाचं बल तेच. पण ते आता जास्त लांब त्रिज्येवर जमिनीला पोचतं. १७.५ इंचांच्या टायरवरून २६ इंचांवर गेलात तर जमिनीवरचं रोखण्याचं बल दोन-तृतीयांश उरतं. इंजिनाच्या पूर्ण ताकदीवर विमान ब्रेकवर थांबत नाही अशी तक्रार मग येते. उपाय: दुहेरी पिस्टनचे कॅलिपर किंवा मोठी डिस्क, आणि पाइपातली हवा खालून वर तेल ढकलून काढणं. उलट टोकाला जाऊ नका. एकटा चालक, मागे सामान नाही, ब्रेक जोरदार: विमान नाकावर उभं राहायला एवढं पुरतं.

गिअरमध्ये पर्याय तीन: बंजी (विणलेल्या आवरणातला रबरी दोर), सपाट ॲल्युमिनियमची पाती, किंवा स्प्रिंग आणि तेलाचे शॉक. बंजी हलकी, स्वस्त, पण उडी परत देते आणि रबर म्हातारं होतं. तिच्या विणीतले रंगीत धागे बनवल्याचं साल सांगतात, ते वाचायला शिका. बंजी कशीही असो, तिच्या सोबतची सुरक्षा केबल बसवल्याशिवाय उडू नका. बंजी तुटली तर ती केबलच गिअरला फाकण्यापासून रोखते. खडबडीत जागी तेलाचे शॉक खरोखर वेगळे; ते उडी गिळतात, परत देत नाहीत. बजेट असेल तर कॉकपिटमधल्या स्क्रीनच्या आधी हे घ्या.

शेपटीचं चाक उतरल्यावर थरथरतं ही नेहमीची तक्रार. लोक स्प्रिंगच्या साखळ्या घट्ट करत बसतात. खरं कारण बहुतेक वेळा स्प्रिंगची पाती बसलेली असते. वजन पडल्यावर, चाक ज्याभोवती वळतं त्या खुंट्याचा वरचा भाग किंचित मागे झुकलेला किंवा उभा असायला हवा. पाती थकली की तो पुढे झुकतो, चाकाची मागची ओढ कमी होते आणि थरथर सुरू होते. विमानात माणसं आणि सामान ठेवून बाजूने बघा. रिकाम्या विमानावर हा कोन फसवतो. मोठं शेपटीचं चाक घेताना त्याचं वजन कुठे पडतंय हेही मोजा. ४०० किलोच्या विमानावर, गुरुत्वमध्यापासून ४.३ मीटर मागे अडीच किलो वाढवले तर गुरुत्वमध्य जवळजवळ २.७ सेंटिमीटर मागे सरकतो. सामान मागेच भरायचंय आणि गुरुत्वमध्याला हलायला जागा आधीच जेमतेम असते. मागे गेलेल्या गुरुत्वमध्याचं विमान चालकाच्या काठीला हलकं लागतं, छान वाटतं, आणि स्पिनमधून (गिरक्या घेत खाली पडण्यातून) बाहेर यायला नकार देतं.

इंजिन. या वजनगटात रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्ती, हे रास्त उत्तर. लायकोमिंग ओ-३२० दीडशे-एकशे साठ देतं, कुठलाही जुना मिस्त्री ते ओळखतो, पण वजन आणि पेट्रोल दोन्ही खूप जास्त, आणि ते पेलणारा सांगाडा हवा. तुमचा बराच वेळ उंचावर जाणार असेल तर टर्बोचं ९१५ आयएस विचारात घ्या: १४१ अश्वशक्ती, आणि पंधरा हजार फुटांपर्यंत ताकद टिकते. मात्र ते वीज गेली की बंद पडणारं इंजिन आहे, त्यामुळे वायरिंग, दोन पंप आणि राखीव बॅटरीच्या कामात हयगय चालत नाही. दूरच्या पट्टीवर बॅटरी मेली तर दोरी ओढून सुरू करण्यासारखं ते नाही.

९१२ ला शिसं मानवत नाही. विमानाचं शिसेयुक्त पेट्रोल नेहमी वापरलं तर ऑइलच्या टाकीत राखाडी गाळ साचतो. तेव्हा ऑइल दर २५ तासांनी बदला. साधं चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल त्याला आवडतं, १० टक्के इथेनॉलही चालतं, पण जुन्या फायबरग्लास टाक्यांना इथेनॉल चालत नाही: राळ मऊ होते, चिकट थर सुटून जाळीत अडकतो. अर्धवट बांधलेलं किट विकत घेणाऱ्यांनी टाकीचं साल आणि राळ कोणती ते आधी विचारावं. ऑइल मोजताना प्रोपेलर हाताने त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा, टाकीतून गुळगुळ आवाज येईपर्यंत. मगच ऑइल मोजायची पट्टी बुडवा. उलटा फिरवू नका. रबरी नळ्या दर पाच वर्षांनी, चांगल्या दिसल्या तरी, बदला.

पेट्रोलचा प्रवाह तपासल्याशिवाय पहिलं उड्डाण नको, आणि ही चाचणी सपाट जमिनीवर करून उपयोग नाही. सर्वांत उभ्या चढाईच्या कोनापेक्षा साधारण ५ अंश जास्त नाक वर हवं. शेपटीच्या विमानात मुख्य चाकं फळ्यांवर चढवा किंवा शेपटीचं चाक खड्ड्यात सोडा. टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवा, कार्ब्युरेटरजवळची नळी सोडून मापाच्या भांड्यात धरा. ९१२ यूएलएस उड्डाणाला ताशी २७ लिटर पितं. गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या मांडणीला त्याच्या दीडपट हवं, म्हणजे ताशी साडेचाळीस लिटर. पाच मिनिटांत भांड्यात ३.४ लिटर जमले पाहिजेत. प्रत्येक टाकीसाठी वेगळं. कमी भरलं तर पहिला संशय टाकीच्या हवेच्या नळीवर: कातिणीचं जाळं किंवा रंगाचा थेंब.

प्रोपेलर जमिनीवर पिच (पात्यांचा कोन) बदलता येणारा, लांब आणि पुढच्या कडेला धातूचं कवच असलेला घ्या. पिच बारीक ठेवली की उड्डाण छोटं, प्रवास संथ. पूर्ण थ्रॉटलला सरळ उडताना इंजिन मिनिटाला ५,८०० फेऱ्यांची मर्यादा ओलांडू नये, आणि पूर्ण थ्रॉटलला ५,२०० च्या खाली कधीच राहू नये; त्या मधल्या पट्ट्यात वरच्या टोकाजवळ ठेवा. पिच अर्ध्या-अर्ध्या अंशाने बदला, आणि तिन्ही पाती एकाच कोनमापकाने मोजा. पात्यांत फरक राहिला तर कंप होतो आणि लोक इंजिनाचे माउंट बदलत बसतात.

कॉकपिटमध्ये: चांगला रेडिओ, जीपीएस, सिलिंडरचं तापमान आणि पेट्रोलचा दाब दाखवणारा मीटर, आणि पंखाचा कोन सांगणारं साधं यंत्र. बाकी हौस. आसनाचा पट्टा मात्र चार किंवा पाच बिंदूंचा हवा, आणि खांद्याचे पट्टे सांगाड्याच्या नळीलाच बांधलेले, आसनाच्या पाठीला नाही. ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन ट्रान्समीटर विमानात बसवा, त्याशिवाय खिशात एक वैयक्तिक बीकन (संकटाचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र) ठेवा. मागच्या पिशवीत ठेवलेला बीकन उलट्या विमानातून काढता येत नाही.

कापडकामातला एकच इशारा. पॉलिएस्टर कापडाचा शेवटचा ताण साधारण १७७ अंश सेल्सियसला देतात. घरातल्या इस्त्रीच्या चकतीवर विश्वास ठेवू नका. थर्मामीटरने बुडावर चार ठिकाणी मोजून चकतीवर स्वतःच्या खुणा करा. इस्त्री त्याहून बरीच गरम झाली की कापडाचा ताण कायमचा जातो आणि ते पान काढून नवं लावावं लागतं. रंगात हात आखडता घ्या: विमानाचं वजन वाढतं ते एकेका हाताने. शेपटीच्या खालच्या बाजूला मात्र जाड पारदर्शक टेप लावा. चाकांनी उडवलेले खडे तिथेच येतात.

अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला सहसा सुरुवातीचे ४० तास ठरावीक क्षेत्रातच उडावं लागतं, प्रमाणित इंजिन-प्रोपेलर जोडी असेल तर २५. तुमच्याकडचा नियम काहीही असो, तेवढे तास लांब डांबरी पट्टीवर घालवा, आणि त्यातले काही पूर्ण वजनावर, गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेजवळ ठेवून. मग जमिनीवर दोन झेंडे रोवा आणि स्वतःच्या उड्डाणाची धाव दहा वेळा मोजा. त्यातली सर्वांत लांब धाव वहीत लिहा. पट्टी निवडताना तीच वापरायची.

खडीवरून परतल्यावर पंधरा मिनिटं टॉर्च आणि चिंधी घेऊन खाली झोपा. प्रोपेलरच्या कडेवरचे टवके (बोटाचं नख अडकलं की टवका), एक्झॉस्टच्या स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडांजवळच्या भेगा, रेडिएटरच्या पाकळ्यांत अडकलेलं गवत, गिअर जिथे सांगाड्याला मिळतं तिथल्या वेल्डभोवती रंगाला गेलेला केसाएवढा तडा, शेपटीच्या स्प्रिंगचे बोल्ट. चाकाच्या आत साचलेला चिखल त्याच दिवशी धुवा. वाळला की तो ब्रेकची डिस्क घासत राहतो, आणि पुढच्या थंड सकाळी चाक फिरतच नाही.